पांढरं कथील, करडं कथील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथिलाची (म्हणजे टिनची) दोन रूपं, थंडीत होणारा त्याचा भुगा आणि त्याभोवती रचलेल्या गोष्टी यांविषयी लोक सतत विचारत असतात. विद्यार्थी असतात, सोल्डरिंग करणारे असतात, आजीची पितळी भांडी जपणारे असतात आणि नेपोलियनच्या बटणांची गोष्ट नुकतीच ऐकलेलेही असतात. त्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच उत्तर दोनदा लिहायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. धातू एकच, मग त्याची रूपं दोन कशी?

शाळेत कार्बनच्या धड्यात अपरूपता शिकलेली असते: हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. धातूंमध्येही हे चालतं. लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला स्फटिकरचना बदलतं, टायटॅनियम ८८२ अंशांच्या आसपास बदलतं, आणि प्लुटोनियमला तर साध्या दाबालाच सहा रूपं आहेत. कथिलाची गंमत अशी की त्याचा बदल भट्टीत नाही, हिवाळ्यातल्या सकाळच्या तापमानाला होऊ शकतो. शिवाय त्यात धातूपणच जातं. आपल्या ओळखीचं चकचकीत, मऊ कथील म्हणजे पांढरं किंवा बीटा कथील. थंडीत टिकाऊ असतं ते करडं किंवा आल्फा कथील.

२. दोन्हींमध्ये नेमका फरक काय?

पांढऱ्या कथिलात प्रत्येक अणूला जवळचे चार शेजारी ०.३०२ नॅनोमीटरवर आणि आणखी दोन ०.३१८ नॅनोमीटरवर असतात. रचना चौकोनी, पण एका दिशेने चेपलेली. अणू दाटीवाटीने बसलेले, त्यामुळे घनता ७.२९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. करड्या कथिलाची रचना थेट हिऱ्याची आहे: प्रत्येक अणूला फक्त चार शेजारी, ०.२८१ नॅनोमीटरवर, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. घनता ५.७७ पर्यंत उतरते.

म्हणजे पांढऱ्याचं करडं होताना आकारमान सुमारे २६ टक्क्यांनी वाढतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत. बाकी, पांढरं कथील वाकतं, ठोकून पातळ होतं, वीज उत्तम वाहून नेतं. करडं ठिसूळ असतं आणि विजेच्या बाबतीत अर्धवाहकांच्या गोतात जातं. आवर्तसारणीत कथिलाच्या डोक्यावर जर्मेनियम आणि सिलिकॉन बसलेत हे पाहिलं तर त्याचं नवल वाटत नाही. थंडीत कथील आपल्या वरच्या भावंडांसारखं वागतं आणि उबेत खालच्या शिशासारखं, इतकंच.

३. १३.२ अंश हा आकडा सगळीकडे दिसतो. त्या तापमानाला कथील बदलतं का?

नाही. १३.२ अंश सेल्सिअसला दोन्ही रूपांचा टिकाऊपणा सारखा असतो. त्याच्या वर पांढरं जास्त टिकाऊ, खाली करडं. पण ‘टिकाऊ असणं’ आणि ‘प्रत्यक्ष बदलणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातले बहुतेक गैरसमज हा फरक विसरल्याने होतात. पाणी शून्याला गोठतं तसं कथील १३.२ ला करडं होत नाही. तिथून खाली त्याला फक्त मुभा मिळते.

जुन्या पुस्तकांत हाच आकडा १८ अंश असा सापडतो. तो छपाईचा दोष नव्हे. मोजमाप अवघड होतं आणि १९३० च्या दशकात ते १३.२ वर स्थिरावलं.

४. मग निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की आमच्याकडचं कथील करडं का होत नाही?

मुभा मिळाली तरी सुरुवात कोणी करायची, हा प्रश्न उरतो. पांढऱ्या कथिलाच्या आत करड्याचा पहिला कण तयार व्हायचा तर त्याला २६ टक्के जास्त जागा लागते. आजूबाजूचा घट्ट धातू ती देत नाही. त्या कणाला शेजाऱ्यांना ढकलत वाढावं लागतं आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा १३.२ च्या जरा खाली मिळतच नाही, कारण तिथे दोन्ही रूपांतला फरक नगण्य असतो. तापमान बरंच उतरलं की ओढ वाढते. पण फार थंडीत अणूंची हालचालच मंदावते. या ओढाताणीत बदल सर्वांत वेगाने होतो तो उणे ३० ते उणे ४० अंशांच्या पट्ट्यात.

तिथेही पहिला कण उमटायला महिने, कधी वर्षं जातात. तो बहुतेक वेळा पृष्ठभागावर, कडेला किंवा ओरखड्यापाशी उमटतो, कारण तिथे फुगायला एका बाजूने मोकळीक असते. एकदा उमटला की काम सोपं. दुधात विरजण पडावं तसं करड्याचा कण शेजारच्या पांढऱ्याला आपल्यासारखं करत जातो. म्हणूनच करड्या कथिलाची पूड चांगल्या कथिलावर चोळून थंडीत ठेवली की वाट पाहण्याचा काळ एकदम घटतो.

त्यात बाजारातलं कथील अगदी शुद्ध नसतं. बिस्मथ, अँटिमनी, शिसं यांचा थोडासा अंशही बदलाला आडवा येतो. मुद्दाम रोखायचं असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर अँटिमनी किंवा बिस्मथ मिसळतात. उलट ॲल्युमिनियम आणि जस्त बदलाला हातभार लावतात.

५. थंडीत वस्तू आकसतात. मग थंडीतलं रूप जास्त जागा व्यापणारं कसं?

चांगला प्रश्न, आणि परीक्षेत विचारायला हरकत नाही. करड्या रूपात अणूंमधले बंध दिशा धरून असलेले, घट्ट असतात. ऊर्जेच्या हिशेबात ते स्वस्त पडतं, म्हणून कमी तापमानाला तेच जिंकतं. पांढऱ्या रूपात बंध सैल, अणूंना थरथरायला जास्त वाव, म्हणजे एन्ट्रॉपी जास्त. तापमान वाढेल तसं एन्ट्रॉपीचं वजन वाढतं आणि १३.२ च्या पुढे पारडं पांढऱ्याकडे झुकतं. किती जागा व्यापली याचा साध्या दाबाला या निवडीवर जवळजवळ परिणाम होत नाही. आकसण्याचा नियम एकाच रूपाला लागू आहे. रूपच बदललं तर तो लावता येत नाही.

६. हा ‘कथिलरोग’ डोळ्यांना कसा दिसतो?

आधी चकचकीत पृष्ठभागावर एखादा मंद, राखाडी ठिपका दिसतो. तो पसरतो तसा वर येतो, चामखिळीसारखा फुगवटा होतो आणि त्याच्या भोवती बारीक भेगा पडतात. नखाने टोकरलं तर करडी पूड निघते. शेवटी कांडी असेल तर तिचे तुकडे होतात आणि ते तुकडे बोटांत चुरगळतात. अशा ठिपक्यांमुळे आणि एकापासून दुसऱ्याला ‘लागण’ होत असल्यामुळे युरोपात याला कथिलाचा प्लेग म्हणू लागले.

संग्रहालयात अशी वस्तू दिसली की लगेच निदान करू नका. क्षारांमुळे गंजलेल्या कथिलावरही फोड आणि खड्डे येतात, आणि दिसायला ते फसवे असतात. खात्री करायची तर क्ष-किरण विवर्तन, म्हणजे अणूंची मांडणी ओळखणारी तपासणी करावी लागते: गंज असेल तर ऑक्साइड दिसतं, रोग असेल तर हिऱ्याच्या रचनेतलं निखळ कथील.

७. भुगा झालेलं कथील परत गरम केलं की पूर्ववत होतं का?

रूप पूर्ववत होतं, वस्तू होत नाही. उबेत करडी पूड पुन्हा पांढरं कथील होते, पण पूडच राहते, कारण सुटे झालेले कण आपोआप जोडले जात नाहीत. वस्तू हवी तर २३२ अंशांच्या वर वितळवून नव्याने ओतावं लागतं. बारीक पुडीचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे बराचसा भाग तोवर ऑक्साइड झालेला असतो आणि वितळवताना मळी जास्त निघते.

८. आमच्या पितळी पातेल्याची कल्हई काळपट पडली आहे. हाच रोग का? आणि कॅनडात गॅरेजमध्ये ठेवलेल्या भांड्यांचं काय?

काळपट पडणं म्हणजे हा रोग नव्हे. वापराने कल्हई झिजते, आंबट पदार्थांनी मंदावते, जास्त तापली तर ऑक्साइड होते. कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, पांढऱ्या धुरातच कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. तेव्हा बसणारा थर पातळ असतो आणि तळाशी तांब्याशी संयोग पावून घट्ट धरलेला असतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही थंडीत तो करडा होऊन गळाल्याचं धरून चालायचं कारण नाही. कल्हईचा खरा शत्रू रिकामं भांडं गॅसवर विसरणं हा आहे: २३२ अंश ओलांडले की थर वितळून त्याचे मणी होतात.

कॅनडातल्या गॅरेजमध्ये उणे ३० चालू असेल तर तत्त्वतः शक्यता आहे, पण प्रश्न ४ मधले सगळे अडथळे तिथेही आहेत. एवढं जड भांडं सात समुद्रापार नेलंत तर ते घरात ठेवा. करडी पूड खरंच सुटताना दिसली तर भांडं घासून पुन्हा कल्हई करा.

एक सावधगिरी मात्र खरी गरजेची. शिशामुळे कथिलरोग टळतो हे वाचून कोणी ‘मग थोडं शिसं असलेलं बरं’ असा निष्कर्ष काढू नये. स्वस्तात कल्हई करताना कथिलात शिसं मिसळलं जातं आणि ते अन्नात उतरतं. शिसं बरंच असेल तर कांडी कागदावर ओढल्यावर काळसर रेघ उमटते. थोडं असेल तर रेघ उमटत नाही, म्हणून ओळखीच्या माणसाकडून शुद्ध कथील घेणंच बरं.

९. विदर्भात आम्ही छपराला टिनच म्हणतो. त्याला होईल का?

नाही. ते पत्रे लोखंडी असतात आणि त्यांच्यावरचा थर जस्ताचा असतो. कथिलाचा त्यात संबंध नाही. खाण्याच्या डब्यांचा पत्रा मात्र खराच कथिलाचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा असतो. तो मुलामा इतका पातळ असतो की फ्रीजरमध्ये डबा फुटला तर दोष आतल्या गोठून फुगलेल्या पाण्याला द्या.

१०. नेपोलियनच्या सैन्याची बटणं थंडीत भुगा झाली आणि तो हरला, हे खरं का?

गोष्ट ऐकायला झकास आहे, पण तिच्यामागे पुरावा नाही. १८१२ च्या रशियातल्या मोहिमेत बटणांचा भुगा झाल्याची विश्वसनीय नोंद मिळत नाही. त्या काळच्या सैनिकी बटणांत हाड आणि पितळ सर्रास वापरत, आणि जिथे कथील होतं तिथे तेही भेसळीचं. त्यातून माघारीचे काही आठवडे हा काळ या बदलाला फारच तोकडा, हे प्रश्न ४ वाचल्यावर कळेल. सैन्य भूक, टायफस आणि थंडीने मेलं. रसायनशास्त्राच्या तासाला ही गोष्ट सांगायला हरकत नाही, पण शेवटी ‘असं म्हणतात’ जोडावं.

११. आणि कॅप्टन स्कॉटचे रॉकेलचे डबे?

इथे निदान घटना खरी आहे. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटच्या तुकडीला वाटेतल्या साठ्यांवर रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी मिळालं, हे त्याच्या रोजनिशीत आहे. कारण म्हणून डब्यांच्या कथिलाच्या सांध्यांकडे बोट दाखवलं जातं. पण सर्वांत जास्त संशय झाकणांतल्या चामड्याच्या चकत्यांवर आहे. त्या थंडीत आकसून कडक झाल्या आणि रॉकेलाची वाफ निसटत राहिली. स्कॉटचा प्रतिस्पर्धी अमुंडसेन याने आपल्या डब्यांच्या सांध्यांची आधीच काळजी घेतली होती. सांध्यांचाही थोडा हात असू शकतो, पण पहिला आरोपी चामडंच.

१२. मग खरोखर घडलेलं उदाहरण एकही नाही का?

आहेत की! जर्मनीत त्साइट्झ इथल्या चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांवर आलेले फोड आणि भुगा एर्डमान या रसायनशास्त्रज्ञाने १८५१ मध्ये नोंदवले. उत्तर युरोपातली न तापवलेली चर्चेस, वर्षानुवर्षांचे हिवाळे आणि भरपूर कथील असलेल्या नळ्या: सगळ्या अटी जुळल्या. (ऑर्गनच्या प्रत्येक आजारी नळीला हे लागू नाही. शिशाच्या नळ्यांना ओकच्या लाकडातून येणारी आम्लाची वाफ खाते, तो वेगळा रोग.) मग १८६७-६८ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात सेंट पीटर्सबर्गमध्ये साठवलेल्या कथिलाच्या लाद्या ढासळल्या, आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झशेने त्यांचा अभ्यास केला. ते कथील आग्नेय आशियातल्या बांका बेटाचं, म्हणजे त्या काळातलं चांगलं शुद्ध. शुद्धतेची शिक्षा मिळाली म्हणायची.

हे सगळं एका सूत्रात बांधलं ते डच रसायनशास्त्रज्ञ एर्न्स्ट कोहेन यांनी, १८९९ पासून पुढे. गंज नाही, जंतू नाहीत, हे एका स्फटिकरूपाचं दुसऱ्यात जाणं आहे, हे त्यांनी मोजून दाखवलं. कोहेन हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ फान्ट हॉफ यांचे शिष्य. ज्यू असल्यामुळे १९४४ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत त्यांची हत्या झाली.

१३. सोल्डरमधून शिसं काढल्यावर हा प्रश्न परत आला असं ऐकतो. मोबाइल दुरुस्ती करणाऱ्यांनी काळजी करावी का?

मोबाइलसाठी नाही. पूर्वीच्या ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेल्या सोल्डरमध्ये हा विषयच नव्हता. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले. भारताच्या ई-कचरा नियमांतही शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्के आहे. मग सोल्डर झालं ९५ टक्क्यांहून जास्त कथिलाचं, आणि जुना रोग पुन्हा चर्चेत आला. २००१ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी कथिलात ०.५ टक्के तांबं असलेल्या मिश्रधातूचे नमुने उणे १८ अंशांवर ठेवले. दीड वर्षात पृष्ठभागाचा सुमारे ४० टक्के भाग करडा झाला.

पण ते मोठे ओतीव नमुने होते. सर्किटवरचे जोड चिमुकले, तांब्याला धरलेले असतात, आणि बाजारातल्या सोल्डरमध्ये उरलेला शिशा-बिस्मथचा अंश मदतीला येतो. खरी काळजी वर्षानुवर्षं गोठणबिंदूखाली राहणाऱ्या यंत्रणांची: उपग्रह, ध्रुवीय उपकरणं, उंच सीमेवरची साधनं. लष्करी आणि अवकाश उपकरणं युरोपच्या त्या निर्बंधातून वगळलेलीच आहेत. तिथे मात्र जास्त धास्ती प्रश्न १४ मधल्या दुखण्याची.

१४. कथिलाला फुटणारे ‘केस’ म्हणजे हाच प्रकार का?

अजिबात नाही, तरी गल्लत रोजची. टिन व्हिस्कर्स म्हणजे मुलाम्यातून बाहेर येणारे काही मायक्रॉन जाडीचे, कधी मिलिमीटरभर लांब वाढणारे स्फटिक. ते पांढऱ्या कथिलाचेच असतात, रूप बदलत नाही, आणि खोलीच्या तापमानाला आरामात वाढतात. कारण असतं मुलाम्यात साठलेला दाब. शेजारच्या पिनला टेकले की शॉर्ट. १९९८ मध्ये गॅलक्सी ४ हा दळणवळण उपग्रह निकामी झाला आणि अमेरिकेतले लाखो पेजर गप्प झाले. त्याचं कारण हेच केस मानलं जातं. दोन्ही दुखण्यांवरचा जुना उतारा एकच, शिसं, म्हणून गल्लत होते.

१५. कथिलाची कांडी वाकवताना करकर आवाज येतो. ती बिघडली आहे का?

उलट चांगली आहे. वाकवताना स्फटिकांचे पट्टे एकदम आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे वळतात, त्याचा तो आवाज. पुन्हा पुन्हा वाकवली की कांडी गरम लागते. करडं कथील वाकतच नाही, त्यामुळे करकरतही नाही.

१६. घरच्या फ्रीजरमध्ये हा बदल घडवून पाहता येईल का?

चिकाटी असेल तर कदाचित. घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो, म्हणजे वेगाच्या पट्ट्याबाहेर. ९९.९९ टक्के शुद्ध कथील घ्या, सोल्डरची तार नको. ते ठोकून पातळ करा, कारण ठोकलेल्या धातूत सुरुवात लवकर होते. विरजणासाठी करडी पूड मिळाली तर उत्तम, नाहीतर नुसतं ठेवून विसरून जा. प्रयोगशाळेत सुरुवात करून द्यायला इंडियम अँटिमोनाइड किंवा कॅडमियम टेल्युराइडचे कण वापरतात, पण कॅडमियम विषारी आहे, घरी आणू नका. आणि बरणी बंद ठेवा, खाण्याच्या पदार्थांशेजारी पूड नको.

१७. आमच्या पुस्तकात १६१ अंशांच्या वरचं तिसरं, गॅमा कथील दिलं आहे. ते कुठे गेलं?

ते जुन्या मोजमापांतून आलं. गरम कथील ठिसूळ होतं आणि त्यावरून वेगळं रूप मानलं गेलं. साध्या दाबाला पांढरं कथील वितळेपर्यंत पांढरंच राहतं, असंच आता धरतात. गॅमा हे नाव काही मिश्रधातूंतल्या साध्या षट्कोनी रचनेला लावलेलं आढळतं. दाब वाढवला तर मात्र नवी रूपं खरोखर मिळतात. सुमारे एक लाख वातावरणांच्या दाबाला पांढऱ्याची रचना बदलते, त्याहून कितीतरी जास्त दाबाला पुन्हा. परीक्षेत पुस्तकात आहे तेच लिहा, भांडण निकालानंतर करा.

१८. कथील ३.७२ केल्विनला अतिवाहक होतं म्हणतात. पण तेवढ्या थंडीत ते करडं असायला नको का?

टिकाऊपणाच्या हिशेबात हवं. प्रत्यक्षात खोलीच्या तापमानावरून उणे २६९ पर्यंत काही तासांत नेलं तर धोक्याचा पट्टा ओलांडायला एवढा कमी वेळ लागतो की पहिला कणच उमटत नाही. त्याखाली अणू गोठल्यासारखेच, मग बदल कसला? म्हणून मोजलं जातं ते पांढरंच कथील. नमुना महिनोन्महिने फ्रीजरमध्ये ठेवून मग प्रयोग करणाऱ्यांनी मात्र आधी नमुना तपासावा.

१९. करडं कथील खोलीच्या तापमानाला टिकवता येतं का? आणि त्याचा उपयोग काय?

टिकवता येतं, युक्तीने. इंडियम अँटिमोनाइडच्या स्फटिकात अणूंचं अंतर करड्या कथिलाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं: ०.६४८ नॅनोमीटर विरुद्ध ०.६४९. अशा स्फटिकावर कथिलाचा पातळ थर चढवला की खालची मांडणी त्याला करड्या रचनेत धरून ठेवते. १९८१ मध्ये अशा थरांनी सुमारे ७० अंशांपर्यंत तग धरल्याचं दाखवलं गेलं.

उपयोग म्हणाल तर अजून प्रयोगशाळेतलाच. निखळ करड्या कथिलात ऊर्जापट्ट्यांमधली फट शून्य असते, म्हणजे ते अर्धवाहक आणि धातू यांच्या उंबरठ्यावर असतं. थराला थोडा ताण दिला की ते टोपोलॉजिकल इन्सुलेटर होतं: आतून विसंवाहक, पृष्ठभागावरून वीज वाहून नेणारं. एकाच मूलद्रव्यात हे मिळतं, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले आहेत.